कलौंजीचं तेल की अख्खी कलौंजी, काय घ्यावं?

अख्खी कलौंजी म्हणजे तेच काळं बी जे बरेच जण कांद्याचं बी समजतात, पण ती वेगळी वनस्पती आहे, नायजेला सटायवा. रोजच्या जेवणात चिमूटभर टाकायची असेल तर बी बेस्ट, फायबर पण मिळतं आणि जास्त पोटात जायची भीती नाही.

तेलाचं तसं नाही. त्यात थायमोक्विनोन (कलौंजीतला मुख्य परिणाम करणारा घटक) एकवटलेलं असतं, म्हणून शुगर, बीपी, कोलेस्टेरॉलवर थोडाफार फरक काही अभ्यासांत दिसलाय, पण थोडाफारच, त्यामुळे चालू गोळ्या बंद करून तेलावर राहू नका प्लीज. उलट शुगरच्या किंवा बीपीच्या गोळ्यांसोबत तेल घेतलं तर लेव्हल जास्तच खाली जाऊ शकते, रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. ऑपरेशनच्या 2 आठवडे आधी बंद करा, प्रेग्नन्सीत तर नकोच. त्वचेवर लावताना आधी पॅच टेस्ट करा (थोड्याशा जागेवर लावून बघा), काहींना रॅश येते.

घ्यायचंच तर कोल्ड प्रेस्ड (गरम न करता काढलेलं), गडद काचेच्या बाटलीतलं घ्या, उजेडात ठेवलं की खवट होतं. मी तरी बीच निवडेन.