छातीचे एक्स-रे वाचणारं सॉफ्टवेअर: आठ महिन्यांचा अनुभव

तिसऱ्याच आठवड्यात या सॉफ्टवेअरने माझी चूक पकडली. खोकल्याच्या एका रुग्णाची फिल्म मी नॉर्मल म्हणून पुढे ढकलली होती. सॉफ्टवेअरने हृदयाच्या सावलीमागे लाल डाग दाखवला. काँट्रास्ट बदलून पुन्हा पाहिलं, तर तिथे गाठ होती. सीटी स्कॅनमध्ये ती पक्की झाली. हृदयामागचा भाग आणि कॉलरबोनखाली झाकलेलं फुफ्फुसाचं टोक, या जागा रेडिओलॉजिस्टच्या नजरेतून निसटतात. मशीन दिवसातली शेवटची फिल्मही पहिलीइतक्याच लक्षाने पाहतं, आणि संशयास्पद फिल्म यादीत वर आणून ठेवतं. या दोन गोष्टींसाठी मी ते मनापासून सुचवेन.

न्यूमोथोरॅक्सने, म्हणजे फुफ्फुसाभोवती साचलेल्या हवेने, मात्र मला काळजीत टाकलं. ही हवा काढायला छातीत नळी घातलेल्या रुग्णांत सॉफ्टवेअर ती लगेच ओळखायचं. नळी घालण्याआधीच्या, छोट्या न्यूमोथोरॅक्समध्ये दोनदा गप्प राहिलं. मदत हवी असते ती नेमकी तेव्हा! शिकवायला वापरलेल्या फिल्ममध्ये अशा बऱ्याच रुग्णांना नळी आधीच घातलेली असेल, तर मॉडेल हवेऐवजी नळी ओळखायला शिकतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१७ मध्ये खुल्या केलेल्या १,१२,१२० एक्स-रेंच्या संग्रहाबद्दल अभ्यासकांनी हाच आक्षेप घेतला होता. त्या संग्रहातली रोगांची नावंसुद्धा रिपोर्टांच्या मजकुरातून संगणकाने वेचलेली आहेत. आमचं सॉफ्टवेअर कशावर शिकलं, असं कंपनीला विचारलं तर ‘लाखो एक्स-रे’ एवढंच उत्तर मिळालं. कोणत्या वयाचे रुग्ण, किती फिल्म झोपवून काढलेल्या, नावं कोणी लावली, हे त्यांनी सांगायलाच हवं होतं.

टीबीच्या चाळणीत, म्हणजे संशयित रुग्ण वेगळे काढण्यात, काम चांगलं आहे. १५ वर्षं आणि त्यापुढच्या व्यक्तींच्या टीबी-चाळणीत माणसाऐवजी असं सॉफ्टवेअर फिल्म वाचू शकतं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. निदानाला थुंकीची तपासणी लागतेच. सॉफ्टवेअर प्रत्येक फिल्मला टीबीच्या संशयाचा स्कोअर देतं; कंपनीने ठरवलेल्या स्कोअरच्या मर्यादेवर बरे झालेले जुने व्रणही सारखे पकडले जायचे. मर्यादा वाढवली की खोटे इशारे कमी होतात, पण खरे रुग्ण सुटू लागतात. म्हणून थुंकीचा निकाल माहीत असलेल्या आमच्याच जुन्या फिल्म त्यावर चालवल्या आणि मगच आकडा ठरवला. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

खांद्यावर आलेली वेणी आणि स्तनाग्राची सावली अजूनही गाठ म्हणून येते. जुन्या फिल्मशी तुलना ते करत नाही. वर्षानुवर्षं न बदललेला डाग दर वेळी नव्याने दाखवतं.

एक सवय मी बदलली. सुरुवातीला हीटमॅप, म्हणजे संशयाची जागा लाल दाखवणारा सॉफ्टवेअरचा थर, लावूनच फिल्म उघडायचे. एकदा लाल भाग उजव्या फुफ्फुसात होता, आणि डाव्या बाजूची मोडलेली फासळी माझ्याकडून राहून गेली. सॉफ्टवेअरला फासळ्या शिकवलेल्याच नाहीत, तरी त्या दिवशी माझी नजर त्याच्या मागे गेली. आता आधी स्वतः वाचते, मत लिहिते आणि नंतर हीटमॅप उघडते.

पुढच्या वर्षाचा करार आम्ही केला आहे. न्यूमोथोरॅक्सचा इशारा तेवढा बंद ठेवलाय.