बायंडिंगला पाच स्टार, 'पब्लिकेशन पॅकेज'ला शून्य

बडोद्यात युनिव्हर्सिटीच्या मागच्या गल्ल्यांमध्ये झेरॉक्स-बायंडिंगची दुकानं आहेत त्यातल्या एकाचा हा रिव्ह्यू. नाव मुद्दाम टाकत नाहीये, एकतर बायंडिंग करणारे काका माझ्या मते शहरातले सगळ्यात चांगले कारागीर आहेत आणि त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये, आणि दुसरं म्हणजे काउंटरवरच्या रेटकार्डात जे लिहिलंय ते इंदूर, पुणे, नागपूर कुठल्याही युनिव्हर्सिटीच्या मागे थोड्याफार फरकाने मिळेलच. मी कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करते आणि लायब्ररी सायन्समध्ये पीएचडी चालू आहे, विषय थोडक्यात सांगायचा तर आपले संशोधक कुठे नि काय छापतात आणि मुलं खरंच काय वाचतात. त्यामुळे या दुकानात गिऱ्हाईक म्हणून गेले तरी डोकं अभ्यासातच होतं.

आधी चांगलं सांगते. बायंडिंग म्हणजे बायंडिंग. हल्ली बहुतेक ठिकाणी पानांच्या कडेला नुसता गोंद फासून वर पुठ्ठा दाबतात आणि व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) दिवशी एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरच्या परीक्षकाने, थिसिस पूर्ण उघडला की मधली दहा-बारा पानं हातात येतात. काका तसं करत नाहीत. गठ्ठा ठोकून सरळ करतात, दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने शिवतात, वर खळ, मग कापडाची पट्टी, मग पुठ्ठा आणि रेक्झिन. पहिला प्रश्न "डावीकडे दीड इंच सोडलंय ना ताई?" नसेल सोडलं तर प्रिंट परत काढायला लावतात, गोड बोलून पण ऐकत नाहीत.

आणि सोनेरी अक्षरं! पितळेचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, हाताने जुळवून, गरम करून, सोनेरी फॉइलवर दाबून. इंग्रजी नि गुजरातीचा सेट पूर्ण आहे. देवनागरीचा सेट हिंदीवाल्याकडून घेतलेला असल्यामुळे त्यात 'ळ' नव्हता, तो काकांनी कुठून तरी वेगळा मिळवून एका छोट्या डबीत ठेवलाय, मराठी थिसिस आला की डबी उघडायची. आता वर्षाकाठी एखाददुसराच येतो म्हणे. मैत्रिणीच्या थिसिसच्या नावात तीन 'ळ' होते आणि डबीत एकच, तर तोच खिळा पुसून परत परत लावला, आणि ओळ कुठे वरखाली झालेली मला तरी दिसली नाही.

आता दुकानाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे काचेच्या पार्टिशनच्या पलीकडे बसणारा काकांचा भाचा. पोरगा हुशार, बोलायला मिठ्ठास, मराठी-गुजराती-हिंदी एकाच वाक्यात. त्याच्या टेबलावर लॅमिनेट केलेलं रेटकार्ड आहे. आयएसएसएन जर्नलमध्ये पेपर (ओळख नंबर असलेल्या संशोधनपत्रिकेत शोधनिबंध), पाच दिवसांत, बाराशे रुपये. आयएसबीएनवाल्या (पुस्तकाचा ओळख नंबर असलेल्या) पुस्तकात चॅप्टर, हजार. स्कोपस (मोठ्या आंतरराष्ट्रीय सूचीतलं जर्नल), रेट फोनवर. एसपीएसएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर), दर टेबलला शंभर. प्लॅजरिझम (उचललेला मजकूर) कमी करून मिळेल. प्रश्नावली तयार मिळेल. आणि खाली बारीक अक्षरात, डेटा भरून मिळेल, दर फॉर्मला आठ रुपये. बेस्ट पेपरचं सर्टिफिकेट फ्री.

मी त्या कार्डाचा फोटो मागितला, तो खूश झाला, त्याला वाटलं पार्टी पटली.

कार्डात एक ओळ मार्करने खोडलेली होती, 'यूजीसी केअर – ६,५००', आणि त्याच्यावर पेनने 'पीअर रिव्ह्यूड – ६,५००', म्हणजे त्या विषयातल्या तज्ज्ञांनी तपासलेलं. भाव तोच. मी इतके महिने रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमध्ये जे शोधत होते ते या एका खाडाखोडीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, 2017 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मान्य जर्नल्सची यादी काढली, त्यात युनिव्हर्सिट्यांनी सुचवलेली जर्नल्सपण घेतली आणि तिथेच घाण शिरली. 2018 मध्ये पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी करंट सायन्स या विज्ञानपत्रिकेत दाखवलं की युनिव्हर्सिट्यांनी सुचवलेल्यांपैकी जी कुठल्याच नावाजलेल्या सूचीत (इंडेक्समध्ये) नव्हती त्यातली 88 टक्क्यांहून जास्त जर्नल्स हलक्या दर्जाची असू शकतात. मग मे 2018 मध्ये यूजीसीने एका झटक्यात 4,305 जर्नल्स काढून टाकली, मग वर्षाच्या शेवटी 'केअर' आलं, म्हणजे यादी नव्याने ठरवायची व्यवस्था, तिचं काम पुणे विद्यापीठातून चालायचं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये केअरची यादीपण बंद. आता प्रत्येक संस्थेने स्वतः निकष लावून ठरवायचं जर्नल बरं की वाईट.

माझं मत विचाराल तर यादी बंद करणं तत्त्वतः बरोबरच होतं, कारण एक सरकारी यादी असली की ती यादीच विकायचा माल होते, लोक यादीतल्या जर्नलच्या नावाने हुबेहूब नकली वेबसाइट काढतात, क्लोन जर्नल म्हणतात त्याला. पण ज्यांनी आता ठरवायचं त्या कमिटीवाल्यांना मिटिंगला वेळ मिळेपर्यंत भाच्याने मार्कर उचललासुद्धा होता.

मी त्याला विचारलं, अरे 2022 च्या नव्या नियमांत थिसिस द्यायच्या आधी पेपर छापायची सक्तीच यूजीसीने काढली ना, मग तुझा धंदा कमी नाही झाला? हसला. म्हणाला, "बेन, विद्यार्थी थोडे कमी झाले, पण प्रमोशनवाले सर लोक आहेत ना. आणि काही गाइड अजून मागतातच." तळटीप न देता एवढं अचूक उत्तर मला एकाही सेमिनारमध्ये मिळालेलं नाही. पब्लिशिंग ट्रेंडवर पेपर लिहिणारे आपण लोक स्कोपसमधून डेटा उतरवतो, देशवार, वर्षवार तक्ते काढतो, कोण कुणाचा उल्लेख करतं त्याच्या रंगीत जाळ्यांचे नकाशे काढतो, आणि कुणाला कधी कशासाठी पेपर हवा असतो हे मात्र अशा काउंटरवर कळतं. नियम बदलला की भाव बदलत नाही, फक्त लेबल बदलतं.

सँपल म्हणून एक जर्नल दाखवलं. एकाच अंकात सिव्हिल इंजिनिअरिंग, आयुर्वेद, होम सायन्स, कायदा आणि आमची लायब्ररी. रिव्ह्यू 48 तासांत. कव्हरवर 'इम्पॅक्ट फॅक्टर 7.8' ठळक. आता इम्पॅक्ट फॅक्टर ही युजीन गारफिल्डच्या कल्पनेतून आलेली गोष्ट, आज तो क्लॅरिव्हेट कंपनी दर वर्षी काढते, आणि साधा हिशोब आहे, मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा किती सायटेशन (दुसऱ्या लेखांतले उल्लेख) मिळाले भागिले ते लेख किती. या अंकावरचा आकडा कुठल्या तरी तिसऱ्याच संस्थेचा होता, अशा संस्था पैसे घेऊन आकडा देतात. आणि आयएसएसएनचं म्हणाल तर तो आठ आकड्यांचा ओळख नंबर आहे फक्त, भारतात दिल्लीच्या निस्प्र या सरकारी संस्थेतून फुकट मिळतो, त्याने दर्जाबद्दल काहीही कळत नाही. पण कार्डावर 'आयएसएसएन अप्रूव्हड' असं लिहिलं की समोरच्याला वाटतं आयएसआय मार्क आहे.

त्याच अंकात योगायोगाने माझ्याच विषयावरचा पेपर होता, कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या वाचनसवयी. मी उभ्याउभ्या वाचला. मग भाच्याने आधीचा एक अंक काढून दिला, त्यातही वाचनसवयी, गाव दुसरं, लेखक दुसरे, टेबल क्रमांक चार मात्र शब्दशः आणि आकड्याशः तेच. फक्त नव्या पेपरात वर 'एकूण 150' आणि खालच्या बेरजेत 200, कारण मूळच्या पेपरमध्ये 200 होते आणि शेवटची ओळ बदलायची राहिली. पीअर रिव्ह्यूअरने सोडा, टाइप करणाऱ्यानेपण बेरीज केलेली नाही.

आणि 'प्लॅजरिझम रिमूव्हल'चं काय होतं तेही त्यात दिसलं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत दुसऱ्यांच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर दंड नाही, म्हणून सगळ्यांची धाव त्या दहाच्या खाली यायची. मग सॉफ्टवेअरमधून शब्द बदलून घेतात. त्या पेपरात 'रीडिंग हॅबिट्स'चं झालं होतं 'पेरुझिंग प्रोपेन्सिटीज'. 2021 मध्ये फ्रान्समधले संशोधक गियोम काबानाक आणि त्यांच्या सोबत्यांनी असल्या शब्दांना 'टॉर्चर्ड फ्रेझेस' (छळलेले शब्दप्रयोग) नाव दिलं, त्यांना 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफीट कॉन्शसनेस' असलं काय काय सापडलं होतं.

तयार प्रश्नावली पन्नास रुपयांत घेतली, अभ्यासाचा खर्च म्हणून. चार पानं. "तुम्ही रोज किती वेळ वाचता?" पर्याय एक तास, दोन तास, तीन तास, त्याहून जास्त. शून्य हा पर्यायच नाही! "वाचनाचं साधन?" छापील पुस्तक, वर्तमानपत्र, मासिक, सीडी-रॉम. मोबाइल नाही. म्हणजे ही प्रश्नावली कुणीतरी वीसेक वर्षांपूर्वी बनवली आणि ती या हातातून त्या हातात फिरतेय. आमच्या लायब्ररीच्या रीडिंग हॉलमध्ये बसून बघा, खुर्च्या भरलेल्या असतात आणि टेबलावर आमचं पुस्तक क्वचित, सगळं स्वतःचं, जीपीएससीचे (गुजरातच्या सरकारी नोकरीच्या परीक्षांचे) गठ्ठे, बँकेच्या परीक्षांचे सेट, आणि बाजूला फोनवर टेलिग्रामवरून उतरवलेली पीडीएफ. इश्यू रजिस्टर बघितलं तर वाटेल वाचन मेलं, हॉल बघितला तर वाटेल वाचनाचा उत्सव चाललाय, आणि दोन्ही पूर्ण खरं नाही. म्हणून मी "साधारण किती वाचता" विचारायचंच सोडून दिलं. असं विचारलं की माणूस चांगला दिसायला बघतो, सगळे दोन तासवाले निघतात. काल काय वाचलं, कशावर वाचलं, कुठे बसून, अर्धवट का सोडलं, असं विचारलं की खरी उत्तरं येतात, कमी येतात पण खरी. आठ रुपयेवाल्या फॉर्ममधली मुलं मात्र सगळी रोज वर्तमानपत्र वाचतात आणि सगळी लायब्ररीवर 'समाधानी' आहेत. आमच्या प्रिन्सिपलना फार आवडतील.

हे सगळं बडोद्यात चालतं याचं मला जास्त लागतं. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा लायब्ररीयन बोलावून घेतला, पुस्तकांच्या पेट्या गावोगावी फिरवल्या, लायब्ररीयन तयार करायला वर्ग काढले, आणि 1912 मध्ये इथून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं नियतकालिक निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी, तिन्ही भाषांत. लायब्ररीच्या विषयावर मराठीत छापायची सोय या गावात तेव्हा होती, आज काकांच्या डबीत एक 'ळ' उरलाय.

मग पेपर द्यायचा कुठे? भाच्याकडे नाही. ॲनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज आहे, 1954 पासूनचं, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन पहिले संपादक, संरक्षण संशोधन खात्याच्या डेसिडॉक संस्थेचं जर्नल आहे, दोन्ही सरकारी संस्थांची आणि लेखकाकडून पैसे न घेता छापणारी. थांबावं लागतं, महिनोन्‌महिने, आणि परत येतो तेव्हा लाल शेरे असतात. इतर कुठलं ओपन ॲक्सेस (कुणालाही फुकट वाचता येणारं) जर्नल तपासायचं असेल तर डीओएजे या अशा जर्नल्सच्या सूचीवर नाव टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. दुसऱ्यांचे थिसिस वाचायला शोधगंगा ही वेबसाइट आहे, शेजारच्या गांधीनगरहून यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्रातले लोक चालवतात. आणि 1 जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेमुळे सरकारी युनिव्हर्सिट्यांना तीस प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास जर्नल्स खुली झालीत, तरी माझ्याच ओळखीतले लोक अजून लेखाची पीडीएफ व्हॉट्सॲप ग्रुपवर मागतात. सायटेशनचे नकाशे काढायला नेदरलँड्समधल्या लायडन युनिव्हर्सिटीचं व्हीओएसव्ह्यूअर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, शंभर रुपये टेबलवाल्याची गरज नाही.

तर स्टार. बायंडिंग पाचपैकी पाच. प्रिंटिंग चार, कारण रंगीत पानं जरा फिकी येतात. प्रश्नावली शून्य, डेटा शून्य, पेपर शून्य. भाच्याच्या वागणुकीला मात्र चार द्यावे लागतील, मी काही घेत नाहीये हे कळल्यावरही त्याने चहा पाजला.

जायचं असेल तर सबमिशनच्या आठवड्यात जाऊ नका, रांग रस्त्यावर येते आणि काका घाईत काम घेत नाहीत, सरळ परत पाठवतात. हार्ड बायंडिंग साडेतीनशे एका कॉपीचे, सोनेरी अक्षरं त्यातच, घासाघीस चालत नाही. दुपारी एक ते तीन बंद. गाडी मेन रोडलाच लावा. भाचा त्याचं व्हिजिटिंग कार्ड देईल ते घ्या, कारण काका त्याच्या कोऱ्या बाजूवर तुमच्या थिसिसचं नाव लिहून घेतात आणि त्यावरूनच खिळे जुळवतात, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तिथेच उभं राहून तपासा.