ब्लायनॅव्हनची ‘बिग पिट’ : आपल्या कोळशाच्या मुलखातील माणसाने पाहावी अशी खाण

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता वणी तालुक्यातील आमच्या गावाहून निघून वेल्समध्ये न्यूपोर्ट येथे राहणाऱ्या लेकीकडे गेलो आणि पोळ्याच्या तोंडावर परत आलो. तेथील शाळांना जुलैच्या अखेरीपासून सहा आठवड्यांची सुट्टी असते. त्यामुळे लेक-जावयांना रजा मिळेल त्या दिवशी पोळी-भाजीचा डबा बांधून घरच्या गाडीने निघायचे आणि रात्रीपर्यंत परतायचे, असा त्या उन्हाळ्याचा क्रम ठरून गेला होता. बॅरी आयलंडच्या किनाऱ्यावर नातवंडे वाळूत रमली, कॅरफिलीचा पाण्याने वेढलेला किल्ला आम्ही पाहिला, आणि दक्षिण वेल्समधील सर्वांत उंच, ८८६ मीटरचे ‘पेन अ वॅन’ हे शिखर माझे यजमान जावयांसोबत चढून आले. ही सर्व ठिकाणे चांगलीच आहेत. परंतु ज्यांची मुले तिकडे स्थायिक झाली आहेत असे आपल्याकडील पालक जेव्हा मला विचारतात, की एकच जागा पाहायची असेल तर कोणती, तेव्हा मी ब्लायनॅव्हनच्या ‘बिग पिट’ या राष्ट्रीय कोळसा संग्रहालयाचे नाव सांगते.

माझे वडील भूमिगत कोळसा खदानीत लोडर, म्हणजे गाड्यांत कोळसा भरणारे कामगार, होते. आम्ही भावंडे लहान असताना ते रात्रपाळी करून सायकलने घरी येत, तेव्हा त्यांच्या पापण्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या दिसत. खदानीच्या फाटकापर्यंत मी अनेकदा डबा घेऊन गेले, पण आत काय आहे हे मला कधीच पाहता आले नाही, कारण त्या काळी कामगाराच्या कुटुंबाला आत नेण्याची पद्धत नव्हती. तेहेतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताना चौथीच्या मुलांना दगडी कोळशाचा धडा मी फळ्यावर आकृती काढून समजावला. खाणीत प्रत्यक्ष उतरण्याचा योग मात्र वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, घरापासून हजारो किलोमीटर दूर आला.

न्यूपोर्टहून उत्तरेकडे तासाभराच्या आत डोंगरावरचे हे छोटे गाव येते. रस्त्यावरील प्रत्येक पाटी दोन भाषांत असते आणि वेल्श भाषेत या खाणीला ‘प्वल्ल मॉर’, म्हणजे मोठी खाण, असे म्हणतात. लंबगोल आकाराचा तिचा शाफ्ट, म्हणजे खाली उतरण्याची उभी विहीर, एवढा रुंद खोदला गेला, की त्यातून कोळशाच्या गाड्यांची ये-जा दोन्ही बाजूंनी होऊ शके. नाव पडले ते त्यावरून. ऐन भरात, १९२३ च्या सुमारास, येथे तेराशेहून अधिक माणसे कामाला होती. १९८० मध्ये खाण बंद झाली, १९८३ मध्ये ती लोकांना पाहण्यासाठी खुली करण्यात आली, आणि आजूबाजूच्या जुन्या लोखंड कारखान्यासह हा सारा परिसर २००० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. बंद पडलेली खदान म्हणजे पाण्याने भरलेला खड्डा आणि गंजलेले लोखंड हेच चित्र आपण पाहत आलो आहोत; येथे मात्र अवघ्या तीन वर्षांत तिचे रूपांतर शिकण्याच्या जागेत झाले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

भूमिगत फेरीची सुरुवातच मनाला भिडते. खाली जाण्याआधी मोबाइल, बॅटरीवर चालणारे घड्याळ, गाडीची किल्ली, काडीपेटी, लायटर असे ठिणगी पडू शकेल असे सर्व काही वरच काढून द्यावे लागते, कारण कोळशाच्या थरात मिथेन वायू असू शकतो आणि खाण बंद झाली म्हणून तो नियम सैल झालेला नाही. त्यानंतर हेल्मेट, कॅप लॅम्प, कमरेचा पट्टा, बॅटरी आणि विषारी वायू झाल्यास जीव वाचवण्यासाठी लागणारे श्वसनाचे उपकरण असे सुमारे पाच किलोंचे साहित्य अंगावर चढवले जाते. पट्टा कमरेला आवळला गेला त्या क्षणी मला वडिलांची चाल आठवली. ते एका बाजूला किंचित झुकून का चालत, याचे कारण मला त्या वजनात सापडले. बाबा कामावर जाताना बिडी-काडीपेटी घरीच ठेवत आणि तंबाखूची पुडी तेवढी बरोबर नेत. वेल्सचे खाणकामगारसुद्धा आत धूम्रपान करता येत नाही म्हणून तंबाखू चघळत, असे जेव्हा तेथे समजले, तेव्हा या दोन मुलखांमधील अंतर एकदम कमी झाल्यासारखे वाटले.

मग लोखंडी पिंजऱ्यातून ९० मीटर खाली उतरायचे. आपल्या वणी-चंद्रपूर भागात बऱ्याच भूमिगत खाणींत उतरत्या इन्क्लाइनने, म्हणजे तिरक्या बोगद्याने, आत जातात, त्यामुळे सरळ खाली उतरण्याचा हा अनुभव मला सर्वस्वी नवा होता. फेरी सुमारे पन्नास मिनिटांची असते आणि तिचे नेतृत्व खाणीत प्रत्यक्ष काम केलेली माणसे करतात. आमच्यासोबतचे गृहस्थ साठीपलीकडचे होते. त्यांनी भिंतीतला कोळसा हाताने चाचपायला सांगितला, छताला दिलेल्या लोखंडी कमानी आणि लाकडी टेकू दाखवले, आणि सुरक्षा दिव्याच्या ज्योतीवर निळसर टोपी दिसू लागली म्हणजे मिथेन आहे असे कसे ओळखतात ते समजावले. असाच दिवा आपल्याकडे पाळीवर देखरेख ठेवणाऱ्या मायनिंग सरदाराच्या हातात असतो. ब्रिटनमध्ये वायू ओळखण्यासाठी पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी अगदी १९८६ पर्यंत वापरात होते, ही माहिती ऐकून नात कितीतरी वेळ गप्प होती.

या फेरीतील सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे हवेची दिशा वळवण्यासाठी बसवलेली लाकडी दारे. कोळशाची गाडी आली की दार उघडायचे आणि गेली की लावायचे, एवढ्या कामासाठी पूर्वी पाच-सहा वर्षांची मुले बारा-बारा तास अंधारात बसवली जात. १८४२ च्या कायद्याने दहा वर्षांखालील मुलांना आणि स्त्रियांना भूमिगत कामातून वगळले, त्याआधी ही कामे त्यांच्याकडेच होती. त्या दारापाशी सर्वांचे दिवे विझवण्यात आले. स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरला तरी तो दिसत नाही असा तो अंधार होता. कोठेतरी पाणी ठिबकत होते आणि सात वर्षांच्या नातीने माझे बोट घट्ट धरून ठेवले होते. जन्मभर लहान मुलांमध्ये वावरलेल्या मला त्या वेळी शाळेच्या पटावरचे पहिलीतले चेहरे दिसत राहिले. इतिहासाची एवढी थेट शिकवण मी दुसऱ्या कोणत्याही संग्रहालयात घेतलेली नाही. पुढे खाणीतल्या घोड्यांचे तबेले लागतात. वर्षभर जमिनीखाली राहून गाड्या ओढणाऱ्या त्या जनावरांची नावे पाट्यांवर जपून ठेवलेली पाहताना, पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावणाऱ्या आपल्या माणसाचे मन तेथे थांबल्याशिवाय राहत नाही.

वर आल्यावर बहुतेक लोक थेट उपाहारगृहाकडे वळतात, परंतु १९३९ मध्ये सुरू झालेले कामगारांचे स्नानगृह पाहिल्याशिवाय परतू नये, असा माझा आग्रह आहे. घरून घालून आलेले स्वच्छ कपडे एका बाजूच्या कपाटात आणि कोळशाने माखलेले दुसऱ्या बाजूच्या कपाटात ठेवण्याची सोय तेथे आहे, आणि मधोमध आंघोळीसाठी गरम पाण्याच्या तोट्या. या सोयीचा सर्वांत मोठा लाभ घरच्या स्त्रियांना झाला. त्याआधी नवरा, दीर, मुलगे वेगवेगळ्या पाळ्यांवरून आले की त्या बायकांना चुलीपुढे पत्र्याच्या टबात प्रत्येकासाठी पाणी तापवून द्यावे लागे आणि कोळशाचे कपडे घरातच धुवावे लागत. माझ्या आईने हेच काम तीस वर्षे केले. ती पहाटे चार वाजता उठून न्हाणीतला बंब पेटवी, आणि बाबांचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत म्हणून नाल्यावर वेगळी फेरी मारी. खाणीच्या इतिहासात तिच्यासारखीच्या श्रमांना जागा दिलेली मी प्रथमच पाहिली आणि तेथील बाकावर बराच वेळ बसून राहिले.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते. संग्रहालयात प्रवेश निःशुल्क आहे. भूमिगत फेरीचे आरक्षण व शुल्क यांची चौकशी मात्र निघण्यापूर्वी संकेतस्थळावर करावी. एक मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना खाली नेत नाहीत, म्हणून धाकटा नातू लेकीसोबत वरच थांबला आणि नंतर आम्ही मोठ्यांनी आळीपाळीने फेरी केली. ऐन जुलैतही आत गारठा असतो, तेव्हा स्वेटर आणि बंद बूट हवेतच. काही ठिकाणी वाकून चालावे लागते. ज्यांचे गुडघे किंवा कंबर दुखते त्यांनी हे ध्यानात घ्यावे. मार्गदर्शकांच्या बोलण्याला तेथील मातीचा हेल असतो आणि तो कानाला सरावण्यास दहा मिनिटे लागतात. मी न संकोचता पुन्हा सांगण्याची विनंती केली आणि प्रत्येक वेळी ती आनंदाने मानली गेली.

ही आस्था किती दुर्मिळ आहे, हे त्याच महिन्यात एका खाजगी सहल कंपनीच्या बसने गेलो तेव्हा कळले. एका दिवसात चार स्थळे, प्रत्येक ठिकाणी जेमतेम पाऊण तास आणि सोबत पाठ केलेली माहिती, असा तो प्रकार होता. संध्याकाळी नातीला त्यांतील एकाही जागेचे नाव आठवत नव्हते. बिग पिटमध्ये जे सांगितले जाते ते जगलेले असते. दक्षिण वेल्सच्या कोळसा पट्ट्यातून १९१३ मध्ये सुमारे ५.७ कोटी टन कोळसा निघाला, त्याच वर्षी सेंगेनिद येथील स्फोटात ४३९ कामगार मृत्यू पावले, आणि वेल्समधील शेवटची खोल खाण २००८ मध्ये बंद झाली. म्हणजे खाणीत प्रत्यक्ष काम केलेले मार्गदर्शक आणखी किती वर्षे लाभतील याला मर्यादा आहे. ज्यांना जायचे आहे त्यांनी लवकर जावे, असे मी म्हणते ते यासाठी.

हातात आणखी एक दिवस असेल तर कार्डिफजवळचे ‘सेंट फॅगन्स’ हे उघड्यावरचे संग्रहालय पाहावे. मर्थर टिडव्हिल येथील लोखंड कामगारांची सहा घरांची एक चाळ तेथे जशीच्या तशी आणून उभारली आहे आणि त्यातील प्रत्येक घर १८०५ पासून १९८५ पर्यंतच्या वेगवेगळ्या वर्षातील संसाराने सजवले आहे. तेथेही प्रवेश निःशुल्क आहे.

अ‍ॅबरव्हॅन या खाणकामगारांच्या गावाला मात्र सहल म्हणून जाऊ नये. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी, शाळा नुकतीच भरलेली असताना, झऱ्यावर रचलेला खाणीच्या कचऱ्याचा डोंगर पावसाने घसरून शाळेवर आला आणि ११६ मुले व २८ मोठी माणसे गेली. टेकडीवरील दफनभूमीत पांढऱ्या कमानींची रांग आहे. आम्ही दोघे तेथे उभे राहिलो, तेव्हा आपल्या गावांच्या शिवेला टेकलेले ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांचे, ढिगारे आम्हा दोघांच्याही डोळ्यांपुढे आले. बिग पिट पाहून मग येथे यावे. कोळशाची पूर्ण किंमत त्यावाचून समजत नाही.

वेकोलिने (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड या आपल्याकडील सरकारी कोळसा कंपनीने) सावनेरजवळ खाण-पर्यटन सुरू केले आहे, याचा मला आनंद आहे. वणी, घुग्गुस, बल्लारपूर या पट्ट्यातही निवृत्त लोडर, सरदार आणि त्यांच्यावरचे ओव्हरमन गावोगावी आहेत. त्यांच्या तोंडून त्यांची खदान ऐकण्याची सोय व्हावी, असे मनापासून वाटते.

परत आल्यावर ब्याऐंशी वर्षांच्या बाबांना सांगायला बसले. मोबाइल वरच जमा केलेला असल्याने खालचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. त्यांनी खाट अंगणात ओढून घेतली आणि पहिलाच प्रश्न केला, “बाई, छताले लाकूड लावलं होतं का लोखंड?” मी कमानींचे आणि टेकूंचे सांगितले. “अन् पाणी?” छतातून ठिबकत होते, पायाखाली वाहत होते, असे मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, चुना लावलेला तंबाखू ओठाखाली ठेवला आणि मग पहिल्यांदाच, कोणी न विचारता, आपल्या पहिल्या पाळीच्या रात्रीची हकिकत सांगायला सुरुवात केली.