बेलफास्टला गेलात तर कॉनवे मिलमध्ये डोकवाच

बेलफास्टला जाणारे बहुतेक जण टायटॅनिकचं संग्रहालय बघून माघारी फिरतात. तासभर हाताशी असेल तर फॉल्स रोड गाठा. तिथून जवळच, कॉनवे मिल या लिननचं सूत काढणाऱ्या जुन्या गिरणीत आयलीन हिकी यांच्या नावाचं आयरिश रिपब्लिकन संग्रहालय आहे. रिपब्लिकन म्हणजे उत्तर आयर्लंडने ब्रिटन सोडून उरलेल्या आयर्लंडशी एक व्हावं म्हणून लढणारे. २००७ मध्ये सुरू झालं. तिकीट नाही, देणगी ऐच्छिक.

आयलीन स्वतः रिपब्लिकन कैदी म्हणून उत्तर आयर्लंडमधल्या आर्माच्या बायकांच्या तुरुंगात होत्या. तिथल्या कोठडीचा दरवाजाही इथे आहे, पण मी रमलो ते राजबंद्यांनी घरच्यांसाठी केलेल्या वस्तूंत. लाकडी हार्प (आयर्लंडचं तंतुवाद्य), केल्टिक क्रॉस, चामड्याची पाकिटं. हार्पवरची वेलबुट्टी नीट बघा. एक वेल दुसरीच्या खालून जाऊन पुन्हा वर येते, आणि नजर टोक शोधत बसते. थोडीफार पटाशी मीही चालवतो, त्यामुळे सांगतो, अशा आतल्या कोपऱ्यांत हात घसरला की सगळं काम वाया.

त्याहून मोलाचे मला वाटले ते रुमाल. साधे पांढरे, पुरुषांच्या खिशातले. त्यांवर रंगीत पेनांनी चित्रं काढलेली, आणि सोबत कैद्यांची नावं. कापडावर शाई फुटते, म्हणून रेघ किती बेताने ओढलीय ते काचेला नाक लावून बघावं.

एवढी कारागिरी जमली कशी? १९७२ ते १९७६ या काळात शिक्षा झालेल्या या कैद्यांना विशेष दर्जा होता. अंगावर स्वतःचे कपडे, तुरुंगातली सक्तीची कामं नाहीत. बेलफास्टजवळच्या लाँग केश तुरुंगात, पत्र्याच्या बराकींत वेळच वेळ. १ मार्च १९७६ नंतरच्या गुन्ह्यांसाठी तो दर्जा गेला. मग त्याच तुरुंगातल्या एच-ब्लॉक या नव्या इमारतींत गणवेश नाकारून नुसती घोंगडी पांघरणाऱ्यांच्या हाती काय राहणार? सिगारेटच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहून बाहेर पाठवलेल्या चिठ्ठ्या! वस्तू बघताना ही तारीख डोक्यात ठेवा, निम्मा इतिहास तिथेच उलगडतो.

संग्रहालय एका बाजूचं आहे, आणि ते नावातच सांगून टाकलंय. लाँग केशमध्ये लॉयलिस्ट, म्हणजे ब्रिटनसोबतच राहू पाहणाऱ्या विरुद्ध बाजूचे, कैदीही होते, तेही अशाच वस्तू करत. त्यांची बाजू इथे शोधू नये. शस्त्रंही मांडलेली आहेत, लहान मुलं सोबत असतील तर लक्षात असू द्या. माझं मत विचाराल तर बंदुकांना दोन मिनिटं पुरेत, उरलेला वेळ रुमालांना द्या.