छोटं ब्लास्टिंग कॅबिनेट, नऊ महिन्यांनंतर: आधी हवेचा हिशेब करा

गंजलेले व्हाइस (वस्तू घट्ट पकडायचे शिकंजे), जुने रंधे, सायकलचे सुटे भाग असं सामान मिळेल तिथून गोळा करायचं आणि पुन्हा कामाचं करायचं, हा माझा बऱ्याच वर्षांचा छंद. वायर ब्रश आणि गंज काढायची रसायनं यांना कंटाळून शेवटी टेबलावर मावणारं सायफन फीडचं ब्लास्टिंग कॅबिनेट घेतलं. ब्लास्टिंग म्हणजे कॉम्प्रेसरच्या दाबाच्या हवेने ग्रिटचा, म्हणजे कठीण बारीक कणांचा, झोत मारून गंज आणि रंग काढायचा. सायफन फीडमध्ये हवेचा झोतच ग्रिट नळीतून ओढून घेतो. पत्र्याची पेटी, वर काच, पुढे दोन लांब हातमोजे, आत झोत मारणारी बंदूक. त्यातलं स्वस्तातलंच घेतलं. आता नऊ महिने जवळजवळ दर सुट्टीला ते चालतंय.

घेण्याआधी तीन आठवडे मी कॅबिनेटचाच विचार करत होते. दार वरून उघडणारं घ्यावं की बाजूने, आत दिवा कुठे आहे, जाळी किती वजन पेलेल. कॉम्प्रेसरचा विचारच केला नाही, कारण तो घरात होताच: 2 हॉर्सपॉवर, 50 लिटरची टाकी, पाटीवर 8 सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा). पहिल्या दिवशी बंदुकीचा खटका दाबला, छान झोत आला, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत तो मलूल पडला. टाकी भरेपर्यंत थांबा, पुन्हा तेच. व्हाइसचा नुसता खालचा भाग साफ करायला अख्खी दुपार गेली.

पाटीवरचा आकडा हा बहुतेक वेळा पिस्टन किती हवा ओढतो त्याचा असतो. दाबाखाली बाहेर पडणारी हवा त्यापेक्षा बरीच कमी भरते. ती घरच्या घरी मोजता येते, आणि काही विकत घेण्याआधी प्रत्येकाने मोजावीच. बाहेरचा व्हॉल्व्ह बंद ठेवून टाकीचा दाब 5 बारवरून 8 बारवर यायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. 50 लिटरच्या टाकीत 3 बार वाढले म्हणजे साधारण 150 लिटर हवा भरली, म्हणजे 5.3 घनफूट. माझ्या कॉम्प्रेसरला 64 सेकंद लागले. म्हणजे 5 सीएफएम, 8 नाही.

आता हवेच्या खर्चाची बाजू. सायफन बंदुकीत हवा किती जाते ते बाहेरच्या सिरॅमिक नोझलवर (तोटीवर) ठरत नाही, आतल्या बारीक एअर जेटवर ठरतं. ही गोष्ट मला माहितीपत्रकात कुठेच दिसली नाही. माझ्या बंदुकीचा जेट 3 मिमीचा होता. 90 पीएसआयला (साधारण 6 बार दाबाला) तो सहज 18 सीएफएमच्या आसपास हवा खातो. 5 येतात, 18 जातात. टाकी बिचारी किती पुरणार? जेट बदलून 2 मिमीचा बसवला (भोकाचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी होतं), जोडीला 4 मिमीचं नोझल लावलं आणि दाब 60 पीएसआयवर आणला. झोत बारीक झाला, पण टिकायला लागला. आता दोनेक मिनिटं सलग काम होतं, मग मिनिटभर थांबायचं. एवढ्याशा पितळी तुकड्याने जे साधलं ते दुसरं कॅबिनेट आणूनही साधलं नसतं.

मध्ये एकदा ओळखीच्यांचा 5 हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर दोन दिवस मिळाला. तेच कॅबिनेट, तीच बंदूक, जुना 3 मिमीचा जेट परत लावला. तसाच दुसरा व्हाइस पंधरा-वीस मिनिटांत पूर्ण साफ झाला. जबड्याखाली ओतीव अक्षरं होती, चार थर रंगाखाली दडलेली. झोत पुढे सरकला तसा रंग कडेने उचलला जात गेला आणि एकेक अक्षर करड्या, कोरड्या धातूत उघडं पडलं. ब्रशने ती कधी दिसलीच नसती. त्यानंतर माझं मत पक्कं झालं: पैसे मोजकेच असतील तर कॅबिनेट साधं घ्या आणि उरलेलं सगळं कॉम्प्रेसरवर घाला. दुसरी टाकी जोडून काम भागेल असं काही जण सुचवतात. ती फक्त पहिली दोन-तीन मिनिटं वाढवते, भरायलाही तेवढाच जास्त वेळ घेते.

कॉम्प्रेसर छोटाच असेल तर त्याची काळजी घ्या. असे पिस्टनचे कॉम्प्रेसर दिवसभर अखंड चालण्यासाठी बनवलेले नसतात. मी वीस मिनिटांनी थांबते आणि कॉम्प्रेसरचं डोकं (पिस्टनवरचा भाग) निवू देते.

पाण्याने मला दुसऱ्या महिन्यात रडवलं. दमट दिवशी ग्रिटचे गोळे व्हायचे, नळीत अडकायचे, बंदूक खोकत राहायची. फिल्टर तर कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच होता! पण तिथे हवा गरम असते, पाणी वाफेच्या रूपात फिल्टरमधून सरळ पुढे जातं आणि नळीत गार झाल्यावर थेंब धरतं. आता हवा आधी पाण्याच्या बादलीत बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून जाते, फिल्टर त्याच्या नंतर, बंदुकीच्या अलीकडे. शिवाय रोज काम संपलं की टाकीच्या तळाचा कॉक उघडते. गोळे बंद झाले.

ग्रिटबद्दल थोडक्यात. गंज आणि जुन्या रंगाला 80 नंबरचं (नंबर म्हणजे कणांचा आकार) ॲल्युमिनियम ऑक्साइड. ॲल्युमिनियमच्या भागांना ग्लास बीड, म्हणजे काचेचे बारीक मणी, तेही 40-50 पीएसआयला, कारण दाब वाढवला की मणी फुटून नुसती भुकटी होते. ग्लास बीडकडून जाड गंज निघण्याची अपेक्षा ठेवू नका, ते मऊसर चमक द्यायला आहे. तेलकट वस्तू आधी धुऊन, वाळवूनच आत ठेवायची, नाहीतर सगळं ग्रिट तेलाळतं. पातळ पत्र्यावर झोत एका जागी धरलात तर तो फुगून वाकतो. मडगार्डचा एक तुकडा माझा असाच गेला.

वाळू मात्र नको. या कामाला सँडब्लास्टिंग म्हणतात, पण नावात सँड असलं तरी नको. झोतातली वाळू फुटते, तिच्यातल्या सिलिकाची न दिसणारी धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. ब्रिटनने कारखान्यांतल्या ब्लास्टिंगमध्ये वाळू वापरायला 1949 च्या नियमांनीच मनाई केली. फुकट मिळते म्हणून कुणी वाळू भरताना दिसलं की मला राहवत नाही, मी थांबवतेच.

दुसरं ग्रिट भरलं तरी धुळीकडे दुर्लक्ष नको. स्वस्त कॅबिनेटच्या सांध्यांतून धूळ गळतेच. मी सगळं उघडून प्रत्येक सांध्यात सिलिकॉन सीलंट भरलं, दाराला फोमची पट्टी लावली. मग व्हॅक्यूम क्लीनर जोडला, मध्ये सायक्लोन (हवा गरगर फिरवून कण वेगळे करणारं भांडं) ठेवून, म्हणजे जड ग्रिट तिथेच पडतं. व्हॅक्यूम फार ओढत असेल तर हातमोजे आत फुगतात आणि चांगलं ग्रिटही जातं, म्हणून बाजूला हवा आत यायला झाकणवालं भोक पाडलं. तरीही अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या पी100 फिल्टरचा रेस्पिरेटर (तोंडावरचा मुखवटा) लावल्याशिवाय मी कॅबिनेट उघडत नाही. शिशाचा रंग असण्याची शंका असलेली जुनी वस्तू तर मी ब्लास्ट करतच नाही.

प्रेशर पॉट, म्हणजे ग्रिट ओढण्याऐवजी दाबाने ढकलणारी टाकी, कितीतरी वेगाने काम करतो, हे खरं. पण त्यालाही भरपूर हवा लागते, आणि पॉट स्वतःच दाबाखाली असतो. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि हात सुटताच बंद होणारा व्हॉल्व्ह नसलेला स्वस्त पॉट मी घरात आणणार नाही.

नऊ महिन्यांत चार सिरॅमिक नोझल झिजली. झिजलं की झोत पसरतो आणि ग्रिट कमी ओढलं जातं. लोकांना वाटतं बंदूक बिघडली. मी नव्या नोझलमध्ये बरोबर बसणारा ड्रिलचा दांडा बाजूला ठेवलाय. तो सैल जायला लागला की नोझल बदलते. आता बोरॉन कार्बाइडचं एक घेतलंय. महाग आहे, पण ॲल्युमिनियम ऑक्साइडपुढे सिरॅमिकच्या कितीतरी पट टिकतं. काचेवर आतून चिकटवायची पारदर्शक फिल्म दर दोन महिन्यांनी बदलावी लागते. डाव्या हातमोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलंय, कारण वस्तू त्या हाताने धरते आणि झोत तिथेच लागतो. जोडी मागवली आहे. बंदुकीला अर्थिंगची तार जोडल्यापासून बोटांना बसणारे झटकेही थांबलेत.