जुनी लिनिया घेऊन सहा वर्षं झाली: माझ्या वहीतला हिशेब

मी साताऱ्यात पतसंस्थांचं लेखापरीक्षण करते. फलटण, वडूज, कोरेगाव, पाटण असं फिरण्यात आठवड्याचे चार दिवस जातात. 2020 च्या फेब्रुवारीत मी 2012 ची फियाट लिनिया डिझेल घेतली. एमएच-12 पासिंग, फर्स्ट ओनर, रनिंग 62,000, व्यवहार 2,40,000 रुपयांना झाला. आज मीटरवर 1,41,000 आहेत. गाडीवर खर्च झालेला प्रत्येक रुपया पहिल्या दिवसापासून एका वहीत लिहिलाय, पावत्या मागे टाचून ठेवल्यात. जुनी लिनिया घेऊ का, असं मला महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतं. म्हणून वही समोर ठेवून लिहिते.

घरात पहिला विरोध भावाचा. "ताई, कंपनीनं गाडीच बंद केली, पार्ट कुठून आणणार?" त्याचं चूक नव्हतं. 2020 च्या एप्रिलमध्ये बीएस6, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे नवे निकष, लागू झाले, त्याच्या आतच फियाटनं लिनिया आणि पुंतो दोन्ही थांबवल्या होत्या. बाबा मात्र एका शब्दानं आडवे आले नाहीत. आमच्याकडे पूर्वी प्रीमियर पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. तिला घरीदारी कुणी पद्मिनी म्हटलंच नाही, ती कायम फियाटच. फियाटचं नाव निघालं की बाबांचा चेहरा अजून खुलतो.

लिनिया आपल्याकडे 2009 च्या जानेवारीत आली आणि पुण्याजवळ रांजणगावला तयार व्हायची. आखणी इटालियन, बांधणी आपल्या जिल्ह्याच्या शेजारची. तिथं आता जीप कंपास आणि टाटा नेक्सॉन बनतात. भावाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच कारखान्यात होतं. लिनियाचं 1.3 मल्टिजेट डिझेल इंजिन मारुतीनं स्विफ्ट, डिझायर, रिट्झमध्ये डीडीआयएस नावानं घातलं आणि टाटांनी व्हिस्टा, मान्झामध्ये क्वाड्राजेट म्हणून. लाखो गाड्यांत हेच इंजिन आहे. त्यामुळे इंजिनाच्या आतलं काम म्हणाल तर तालुक्याच्या गावातला मिस्त्रीसुद्धा हात घालतो, आणि बहुतेक माल काउंटरवर मिळतो. एक फरक लक्षात ठेवा. 90 हॉर्सपॉवरच्या लिनियाचा टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) व्हेरिएबल जॉमेट्रीचा, म्हणजे आतली पाती हलणारा आहे, स्विफ्टच्या 75 हॉर्सपॉवरचा साधा. स्विफ्टचा इथं बसत नाही, आणि लिनियाचा महागही आहे. गाडी बघताना टर्बोची शिट्टी आणि सायलेन्सरमधला काळा धूर यांच्याकडे नीट लक्ष द्या.

ही गाडी मिळण्याआधी मी पुण्यात एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे दुसरी लिनिया बघितली होती. चकचकीत पॉलिश, मीटरवर 48,000. मी आत बसले तर ब्रेक पेडलचं रबर एका कडेला पार झिजलेलं, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसट. मालकाच्या सर्व्हिसच्या पावत्या मागितल्या तर "मॅडम, त्या घर बदलताना हरवल्या". नंबर घेऊन मी सर्व्हिस रेकॉर्ड तपासून घेतला. दोन वर्षांपूर्वीच गाडी 1,12,000 किलोमीटरला सर्व्हिसला आली होती. मीटर मागे केलेलं. आयुष्यभर आकडे तपासणाऱ्या माणसाला याचा किती संताप येतो, ते सांगता येणार नाही. तेव्हापासून माझा एक नियम आहे: आधी फाइल, मग गाडी. फाइल नसेल तर टेस्ट ड्राइव्हसुद्धा नको.

माझी गाडी कोथरूडच्या एका निवृत्त गृहस्थांची. त्यांनी आठ वर्षांच्या सगळ्या पावत्या तारखेनं लावून ठेवल्या होत्या, अगदी वायपरच्या रबराचीसुद्धा. त्यांना मी आदल्या रात्री फोन करून विनंती केली, "काका, सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." सहा वाजता पोचले, बोनेटवर तळहात ठेवून पाहिला, गार होतं. मग चावी फिरवली आणि कान लावून उभी राहिले. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नसून चेन आहे आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. त्यामुळे चेन ढिली झाली असेल तर थंड इंजिन सुरू होताना पहिले दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. इंजिन तापलं की तो दडतो. विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवतो ती याच कारणानं. इथं आवाज आला नाही. ऑइल भरायचं झाकण उघडलं, आतून काळा चिकट थर नव्हता. त्याच दिवशी बयाणा दिला.

चेनबद्दल थोडं आणखी लिहिते, कारण जुन्या मल्टिजेटचं भवितव्य तिथंच ठरतं. इंजिनात ऑइल बसतं तीन लिटरच्या आसपास, म्हणजे फार नाही. कंपनीचा सर्व्हिसचा टप्पा 15,000 किलोमीटरचा होता. जुन्या गाडीला मी तो मानत नाही, 10,000 ला ऑइल आणि फिल्टर बदलते, ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेलीच. ऑइल जुनं झालं की गाळ धरतो, गाळानं पंपाची जाळी तुंबते, दाब कमी पडतो आणि चेन ढिली होत जाते. माझ्या गाडीत 1,18,000 ला पहाटे तो आवाज पहिल्यांदा आला. पुढच्याच आठवड्यात अख्खं चेन किट बदललं, मजुरीसह 24,000. सहा वर्षांतल्या मोठ्या खर्चांपैकी एक, पण मनाला न लागलेला.

मनाला लागला तो सस्पेन्शनचा, कारण तो माझ्या घाईमुळे वाढला. घेतल्यावर सहा महिन्यांनी सज्जनगडच्या रस्त्यावर गतिरोधकावरून उतरताना पुढून डावीकडे "टक" असा आवाज यायला लागला. मी दोन महिने तशीच चालवली. आमच्या मिस्त्रींनी, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, गाडी लिफ्टवर घेऊन बॅटरीच्या उजेडात दाखवलं: लोअर आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या, बुशचं रबर भेगाळून लोखंडापासून सुटलं होतं, आणि टायरची आतली कड दोरा दिसेल इतकी घासली होती. "ताई, बुश वेळेवर बदललं असतं तर टायर वाचले असते," अण्णा म्हणाले. दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, स्ट्रट माउंट आणि अलाइनमेंट मिळून 19,000. त्यानंतर 195/60 आर 15 चे चार टायर, 26,400. सव्वा टनाच्या आसपासची गाडी, पुढं डिझेल इंजिनाचं वजन आणि आपले रस्ते. बुश संपणारच. घेतानाच व्यवहारातून त्याचे पैसे कापून घ्या.

भावाच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर मात्र त्याच्या बाजूचं आहे. 2023 मध्ये फलटणच्या बाजारात एक मोटरसायकल उजव्या हेडलाइटवर आदळली. इंजिनाचे भाग इतर गाड्यांत सापडतात, हेडलाइट, बंपर, काचा, दाराची हँडल सापडत नाहीत. ते फक्त लिनियाचेच. अधिकृत मार्गानं मागणी नोंदवली, तारीख मिळेना. पुण्याच्या नाना पेठेत एक अख्खी सकाळ दुकानं फिरले, हाती आला तो डावीकडचा. शेवटी लिनियावाल्यांच्या ओळखीतून कोल्हापुरात स्क्रॅपला निघालेल्या गाडीचा चांगला हेडलाइट मिळाला, बसवून 12,500. मधल्या 34 दिवसांत अंधार पडल्यावर मी गाडी बाहेर काढली नाही, भाड्याच्या गाडीनं फिरले. जुन्या लिनियाचा खरा खर्च हा आहे: थांबण्याचे दिवस. ज्यांच्या घरात ही एकच गाडी आहे आणि तिच्यावर रोजची नोकरी अवलंबून आहे, त्यांनी हे नीट तोलावं. त्या अनुभवानंतर मी डावा हेडलाइट आणि दोन्ही आरसे स्वस्तात मिळाले तेव्हा घेऊन माळ्यावर ठेवले.

आता एकूण बेरीज. 79,000 किलोमीटरमध्ये गॅरेजचा सगळा खर्च 1,92,500. यात वर सांगितलेली कामं, क्लच सेट 17,800, एसीचं काम 11,300, बॅटरी, घेतल्याबरोबर केलेली मोठी सर्व्हिस आणि नेहमीच्या सर्व्हिस, सगळं आलं. म्हणजे किलोमीटरला अडीच रुपयांच्या आत. ॲव्हरेज लिटरला साडेसोळा किलोमीटर. हायवेला 18, गावात आणि घाटात 14. डिझेल 90 च्या आसपास धरलं तर किलोमीटरला साडेपाच रुपये. दोन्ही मिळून आठ. या वर्षीचा इन्शुरन्स 9,800, फर्स्ट पार्टी, पण गाडीच्या वयामुळे झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) मिळाला नाही. नवी नंबर प्लेट 745 अधिक जीएसटी. रस्त्यात बंद पडून टो करावी लागली, असं सहा वर्षांत एकदाही झालं नाही.

चालवायला कशी, हे आकड्यांत मावत नाही. दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी सुस्त आहे. गावातल्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळलात तर मागचा हॉर्न वाजवतो. दोन हजार ओलांडले की टर्बो असा खेचतो की खंबाटकी घाटात ट्रकला मागं टाकताना पोटात गोळा येत नाही. क्लच जड आहे, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये डावा गुडघा दुखतो. पण स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. पावसात पसरणी घाटाच्या वळणांवर चाकाखाली काय चाललंय ते तळहाताला कळतं. त्यानंतर भावाची नवी गाडी चालवली की हातात काहीच लागत नाही. डिकीत 500 लिटर जागा. मार्चअखेरीला माझ्या फायलींचे आठ गठ्ठे आणि आईचं धान्याचं पोतं एका फेरीत येतं.

पेट्रोलची लिनिया मी बाळगलेली नाही, म्हणून तिच्याबद्दल एवढंच: तिला चेन नसून बेल्ट आहे, तो कधी बदलला याची पावती मागा.

माझ्या गाडीच्या नोंदणीला 2027 मध्ये 15 वर्षं पूर्ण होतील. पुनर्नोंदणीची फी 5,000, त्यावर पर्यावरण कर आणि आरटीओची तपासणी. तपासणीआधी मागचे ब्रेक आणि चेसिसच्या खालचा गंज बघून घ्यायचाय. अण्णांना मी दिवाळीनंतरची तारीख सांगून ठेवली आहे, आणि त्यासाठी दर महिन्याला 1,500 बाजूला टाकते. आजवरचे 9,000 जमलेत.