जीटीसाठी पीई 8 चा जड रॉड: पुण्यात राहून पारखताना

खडकवासला, पानशेत आणि पवनेच्या काठावर हात तयार झालेला पुण्यातला अँगलर, म्हणजे गळाने मासे पकडणारा, अंदमानच्या समुद्रातल्या जायंट ट्रेव्हली या मोठ्या माशासाठी, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेल्या जीटीसाठी, रॉड घ्यायला निघतो, तेव्हा धरणावरचा अनुभव त्याला फार दूरवर साथ देत नाही. धरणावर आपण दहा-वीस ग्रॅमचे ल्यूर, म्हणजे कृत्रिम आमिषे, मनगटाच्या झटक्याने फेकतो. इथे 120 ते 150 ग्रॅमचा, वीतभर लांबीचा पॉपर, म्हणजे पाण्यावर आवाज करणारा ल्यूर, दोन्ही हातांनी, हलत्या बोटीवरून, सकाळपासून दुपारपर्यंत फेकत राहायचे असते आणि मासा लागल्यावर पहिल्या काही सेकंदांतच त्याला प्रवाळाच्या कपारीत शिरू न देता थोपवायचे असते. या दोन कामांपैकी खरेदीच्या वेळी सर्वांच्या डोळ्यांसमोर दुसरेच असते. माझ्या मते निवड पहिल्या कामावर करावी, कारण बोटीवरचा जवळजवळ सगळा वेळ फेकण्यात जातो आणि दमलेल्या हातांनी टाकलेला पॉपर माशापर्यंत पोहोचतच नाही.

हे परीक्षण एखाद्या मॉडेलचे नसून सुमारे 8 फुटी, पीई 8 वर्गाच्या स्पिनिंग रॉडचे आहे. मॉडेलची नावे कंपन्या वरचेवर बदलतात, पण ब्लँकवर (रॉडच्या मुख्य दांड्यावर) छापलेले आकडे, म्हणजे लांबी, दोरीचा पीई क्रमांक, ल्यूरचे वजन आणि कमाल ड्रॅग (मासा दोरी ओढतो तेव्हा रील करते तो रोध), कोणत्याही कंपनीच्या रॉडवर त्याच पद्धतीने वाचता येतात. हा वर्ग मी वापरतो, पीई 6 आणि पीई 10 चे रॉडही हाताळले आहेत, आणि पहिल्यांदा असा रॉड घेणाऱ्याला मी निःसंकोचपणे पीई 8 सुचवतो.

पीई हा आकडा ताकदीचा आहे, असे दुकानातसुद्धा सांगितले जाते, ते बरोबर नाही. पीई म्हणजे पॉलिइथिलीन, आणि त्यापुढचा आकडा त्या धाग्यापासून विणलेल्या दोरीची जाडी सांगतो. ही जपानी मोजणी 200 डेनिअरच्या दोरीला 1 क्रमांक देते. त्या हिशेबाने पीई 8 ची दोरी साधारण 0.47 मिलिमीटर जाडीची असते, आणि तिची तुटण्याची क्षमता बनावटीनुसार 80 ते 100 पौंड, म्हणजे सुमारे 36 ते 45 किलो, एवढी असते. ड्रॅग या क्षमतेच्या पाव ते एक तृतीयांश ठेवण्याचा प्रघात आहे, म्हणजे पीई 8 वर आपण 10 ते 14 किलोंच्या ड्रॅगने मासा थोपवणार. हा आकडा कागदावर लहान वाटतो. प्रत्यक्षात आठ फुटी रॉडच्या टोकाला 10 किलोंचा ओढा आला की डोलत्या बोटीवर पाय रोवून उभे राहणे हेच मोठे काम होऊन बसते.

तरीही बरेच जण पीई 10 कडे वळतात, आणि त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. जीटीचा जागतिक विक्रम 72.8 किलोंचा आहे, तो 2006 साली जपानमध्ये नोंदवला गेला, आणि असा आकडा वाचला की आपला रॉड कमी पडेल, ही भीती मनात घर करते. पण पीई 10 चा रॉड त्याच्या पुऱ्या क्षमतेने वापरायचा तर 15 किलोंच्या आसपासचा किंवा त्याहून अधिक ड्रॅग आपल्या पाठीला, खांद्यांना आणि गुडघ्यांना पेलला पाहिजे, आणि ते ज्याला पेलत नाही त्याच्या हातात हा रॉड केवळ एक जड दांडा ठरतो. शिवाय त्याचा ब्लँक इतका ताठ असतो की 100–120 ग्रॅमच्या ल्यूरने तो फेकताना पुरेसा वाकतच नाही, आणि न वाकलेला रॉड ल्यूर दूर फेकत नाही. याच्या उलट पीई 6 चा रॉड हातात घेताच आवडतो, दिवसभर दमवत नाही आणि 60 ते 100 ग्रॅमचे स्टिकबेट, म्हणजे वाटीसारखे तोंड नसलेले लांबट ल्यूर, सुरेख फेकतो. मात्र मोठ्या तोंडाचा पॉपर ओढताना त्याची टीप, म्हणजे रॉडचे टोक, हार मानते, आणि उथळ प्रवाळावर मोठा मासा लागला तर राखीव ताकद उरत नाही.

पॉपरचा विषय निघालाच आहे, तर इथे थोडे थांबायला हवे, कारण रॉडची खरी पारख इथेच होते. पॉपरच्या तोंडाला वाटीसारखा खोलगट आकार असतो. रॉड खाली आणि बाजूला नेत जोराने ओढला की त्या तोंडात पाणी आणि हवा कोंडते, मोठा आवाज होतो, फेसाचा पट्टा उमटतो, आणि खालून मासा वर येतो. तोंड जितके रुंद तितका पाण्याचा अडथळा मोठा, आणि तो अडथळा मोडण्यासाठी लागणारा झटका रॉडच्या टिपेतून ल्यूरपर्यंत पोहोचला पाहिजे. टीप फार मऊ असेल तर आपला सगळा जोर टीप वाकवण्यातच संपतो आणि पॉपर नुसता पाण्यात घसरतो. स्टिकबेटचे गणित अगदी उलटे आहे. त्याला लांब, सावकाश ओढ आणि मग क्षणभर सैल दोरी लागते, म्हणजे तो पाण्याखाली जाऊन जखमी माशासारखा डोलत पुन्हा वर येतो. ताठ टिपेच्या रॉडने ओढला तर तो पाण्याबाहेर उडतो. म्हणून काही कंपन्या एकाच पीई क्रमांकाचे पॉपरसाठी वेगळे आणि स्टिकबेटसाठी वेगळे रॉड काढतात. एकच रॉड घ्यायचा असेल तर खालचा निम्मा भाग दमदार आणि वरचा पाव भाग किंचित मऊ असलेला घ्यावा. त्यावर मध्यम तोंडाचे पॉपर आणि मोठे स्टिकबेट दोन्ही चालवता येतात. सर्वांत रुंद तोंडाचे 200 ग्रॅमचे पॉपर मात्र त्याच्याकडून ओढून घेण्याची अपेक्षा ठेवू नये.

ल्यूरच्या वजनाचा छापील आकडाही समजून घ्यावा. ‘कमाल 200 ग्रॅम’ असे लिहिलेल्या रॉडवर 200 ग्रॅमचा ल्यूर तुटण्याच्या भीतीशिवाय फेकता येतो, एवढाच त्याचा अर्थ. रॉड सर्वांत खुलतो तो त्या कमाल आकड्याच्या साधारण दोन तृतीयांश वजनावर. आपल्या पेटीत 120 ते 140 ग्रॅमचे ल्यूर जास्त असतील, तर 200 ग्रॅम कमाल असलेला पीई 8 त्यांना नेमका लागू पडतो.

लांबीबाबत माझे मत ठाम आहे. बोटीवरून फेकायचे असेल तर 7 फूट 8 इंच ते 8 फूट 3 इंच पुरेत. लांब रॉड दूर फेकतो हे खरे, पण मासा लागल्यावर तोच लांबपणा माशाच्या बाजूने तरफेसारखा काम करतो. कोकणात खडकावर उभे राहून फेकणाऱ्याला लाटांच्या पलीकडे पोहोचायचे असते आणि दोरी खडकापासून वर ठेवायची असते, त्यामुळे त्याला 9 ते 10 फुटांचा रॉड लागतो. तिथे मात्र सुरमई, जिताडा, तांबोशी यांसाठी पीई 3 ते 5 पुरेसा आहे. मालवणच्या खडकासाठी आणि अंदमानच्या बोटीसाठी एकच रॉड शोधण्यात वेळ घालवू नये.

आता पुण्यात बसून हे सगळे तपासायचे कसे? दुकानात बहुतेक जण रॉड हवेत हलवून पाहतात किंवा टीप छताला टेकवून वाकवतात. हलवण्याने जड रॉडबद्दल काहीच कळत नाही, आणि टीप छताला टेकवणे हा चांगला रॉड मोडण्याचा हमखास मार्ग आहे. ‘साहेब, वाकवून बघा हवं तर,’ असे दुकानदाराने आपुलकीने सांगितले तरी ते टाळावे. त्याऐवजी सामान तोलण्याचा 50 किलोंपर्यंतचा लटकता डिजिटल काटा घ्यावा. मी रॉड घरी आणल्यावर सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाला जाड दोर बांधतो, त्यात काटा अडकवतो, आणि गाइडमधून, म्हणजे रॉडवरच्या कड्यांमधून, ओवलेली दोरी लीडरसह (दोरीच्या टोकाला जोडलेल्या जाड तुकड्यासह) काट्याच्या हुकला बांधतो. एक जण काट्याजवळ, पण दोरीच्या रेषेपासून बाजूला उभा राहून आकडा वाचतो, दोघांच्याही डोळ्यांवर चष्मा असतो, आणि दोरी कोणीही हाताला गुंडाळत नाही. मग जमिनीला समांतर धरलेला रॉड हळूहळू 45 अंशांपर्यंत उचलायचा आणि ड्रॅग टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा.

3 किलोंवर टीप वाकते. 5 किलोंवर वाक मधल्या भागात उतरतो. 8 ते 10 किलोंवर तो पुढच्या मुठीच्या जवळपास पोहोचला पाहिजे, आणि त्या क्षणी ओझे मनगटावरून पायांकडे सरकल्याचे अंगाला स्पष्ट जाणवते. ज्या रॉडचा खालचा निम्मा भाग 10 किलोंवरही सरळसोट राहतो, तो सगळा भार आपल्या कमरेवर टाकतो. असा रॉड बिल हातात असतानाच बदलून घ्यावा. 45 अंशांच्या वर भार असताना रॉड कधीही नेऊ नये. रॉड उभा झाला की वाक खालच्या जाड भागातून निघून एकट्या टिपेकडे जातो, आणि जड रॉड मोडण्याचे ते फार नेहमीचे कारण आहे. याच तपासणीत आणखी एक गोष्ट कळते: सरळ रेषेत ओढून 8 किलोंवर लावलेला ड्रॅग वाकलेल्या रॉडमधून त्याहून जास्त भरतो, कारण गाइडवरचे घर्षण त्यात मिळते. ड्रॅग लावताना हे ध्यानात ठेवावे.

फेकण्याच्या सरावासाठी पानशेतच्या वरच्या बाजूचा निर्मनुष्य काठ चांगला आहे. पॉपरचे सगळे गळ काढून टाकावेत, टिपेपासून ल्यूर दोन-अडीच फूट खाली लोंबकळू द्यावा आणि मागून पुढे एकाच सलग हालचालीत फेकावा. खडकवासल्याच्या चौपाटीवर हा सराव करू नये. दोरी तुटली तर 120 ग्रॅमचा पॉपर एखाद्याचे डोके फोडू शकतो.

गाइडकडे फारसे कोणी पाहत नाही, पण पाहावे. फुजी कंपनीची एसआयसी (सिलिकॉन कार्बाइड) रिंग असलेली गाइड या वर्गात विश्वासाची मानली जातात, कारण वेगाने धावणाऱ्या दोरीची उष्णता आणि घासणे ती चांगले सोसते. चौकट टायटॅनियमची असेल तर खाऱ्या पाण्याची चिंता कमी होते. स्टीलची असेल तर दरवेळी गोड्या पाण्याने धुणे आले. प्रत्येक रिंगच्या आतून कान साफ करायची कापसाची काडी फिरवावी. कापसाचा एखादा तंतू जरी अडकला तरी तिथे तडा आहे असे समजावे, आणि तो तडा महागडी दोरी एका फेकीत कापू शकतो. दोरी आणि लीडर जोडणारी एफजी गाठ बांधून ती सगळ्या गाइडमधून, विशेषतः टिपेच्या गाइडमधून, न अडखळता जाते का, हेही दुकानातच पाहावे.

पुणेकराच्या दृष्टीने जोडाचा प्रश्न मोठा आहे. पुण्याहून अंदमानला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला आणि 2024 पासूनच्या श्रीविजयपुरमला, चेन्नई, बेंगळुरू किंवा कोलकात्यामार्गे विमानाने जाताना सलग आठ फुटी रॉड नेणे जवळपास अशक्य आहे. ज्या रॉडची फक्त मूठ निघते त्याचा वरचा सलग भाग साधारण सहा फुटांचा उरतो. त्याचा वाक सर्वांत सुंदर येतो, पण विमानतळावर तो मोठ्या आकाराचे सामान ठरतो. मधोमध जोड असलेला रॉड चार फुटांत मावतो, आणि आजकालचे चांगले जोड इतके पक्के असतात की माझा कौल त्यांनाच आहे. जोड बसवल्यावर तो फेकण्यात सैल होतो का, हे दर तासाला हात लावून पाहावे. वाहतुकीसाठी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत 4 इंची पीव्हीसी पाइप आणि दोन टोपणे घ्यावीत. आत फोमचा तुकडा घातला की विकतच्या रॉड-ट्यूबइतकेच संरक्षण मिळते.

मूठ आणि रील यांबाबत थोडक्यात एवढेच, की 14000 आकाराचे रील सहसा 650 ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जड असते, त्यामुळे रॉडचे वजन एकटे न पाहता रील लावून तोल पाहावा. खालची मूठ काखेत नीट बसेल इतपत लांब असावी, पण फेकताना कोपराला अडकू नये. उंचीने लहान असलेल्यांनी हे आपल्या अंगावर लावूनच पाहावे.

किमतीचे अंतर मोठे आहे. उंची जपानी रॉड 50 हजारांच्या पुढे सहज जातो, तर तेच आकडे छापलेला परवडणारा रॉड 10–15 हजारांतही मिळतो. महागड्या रॉडमध्ये आपण मुख्यतः कमी वजनाचे पैसे देतो. वर्षातून एखादीच सफर होणार असेल, तर मधल्या किमतीचा पीई 8 घेऊन उरलेले पैसे रील, दोरी आणि लीडरवर खर्च करावेत, कारण स्वस्त रीलचा ड्रॅग अडकला तर कोणताही रॉड मासा वाचवू शकत नाही. दोघे मिळून बोट घेत असाल, तर एकाने पॉपरसाठी पीई 8 आणि दुसऱ्याने स्टिकबेटसाठी पीई 6 न्यावा आणि दर तासाने रॉड बदलून घ्यावेत.